साडेदहा अध्यायांनंतर

‘ख्रिस्तायन’ हे येशू ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लिहायला घेतले आणि साडेदहा अध्यायांवर ते थांबले. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. पुढचे ६४ अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ग्रंथ छापून आला तो १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तरीही ‘ख्रिस्तायन’ म्हटले की टिळकांचे नाव आधी येते, आणि ‘पुढे ते त्यांच्या पत्नीने पूर्ण केले’ एवढे एक वाक्य जोडून विषय संपतो. साडेदहा अध्याय लिहिणारा कवी आणि ६४ लिहिणारी केवळ पूर्ण करणारी, हा हिशेब कुठल्याही दुसऱ्या ग्रंथाबाबत आपण मान्य केला नसता. इथे तो इतक्या सहज मान्य होतो, कारण पाळकाची पत्नी म्हणजे पाळकाच्या सेवेची पुरवणी, अशी समजूत आपल्या मनात खोल बसली आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती समजूत चुकीची आहे. त्यांची ख्रिस्तसेवा स्वतंत्र पायावर उभी होती, आणि मराठी ख्रिस्ती गायनाला त्यांनी दिलेली भर टिळकांच्या कवितेतून निघालेली नसून टिळकांच्याही आधीच्या, बायकांच्या तोंडी वाहत आलेल्या परंपरेतून आलेली होती, असे मला साधार वाटते.

मराठी साहित्याने लक्ष्मीबाईंवर प्रेम केले यात शंका नाही. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांच्या कुठल्याही यादीत पहिल्या काहींत असतात. विजया मेहतांच्या चित्रपटात सुहास जोशींनी उभ्या केलेल्या लक्ष्मीबाई त्या पिढीच्या प्रेक्षकांना आठवतात. शाळेच्या पुस्तकांतून त्यांचे प्रसंग आले. पण या प्रेमाने एक विभागणीही केली. विनोदी, निर्मळ, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर माया करणारी कथनकार आपण जवळ घेतली आणि श्रद्धेने काम करणारी ख्रिस्ती बाई बाजूला ठेवली. धर्मांतर हा जणू तिच्या आयुष्यातला एक प्रसंग, एक अडचण, आणि खरे मोल गद्याचे. ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचली तर ही विभागणी टिकत नाही. ज्या बाईने ते गद्य लिहिले, तिने त्याच काळात आणि त्याच जिभेने ख्रिस्ताचे पुराणही लिहिले.

पाया स्वतंत्र कसा, हे आधी पाहू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरच्या गोखल्यांचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला किराणासुद्धा धुऊन घरात यायचा. १८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतबाहेर, टिळकांशी लग्न झाले. शाळा अशी नाहीच. अक्षरओळख टिळकांनी करून दिली, तीही त्यांच्या लहरीप्रमाणे, सुरू होऊन मध्येच सुटणारी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी सांगितले नव्हते. लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक, जलालपूर अशा राहिल्या, आणि सुमारे पाच वर्षे त्या नवऱ्याच्या धर्मात गेल्या नाहीत. नवऱ्यामागे निमूट जाणारी बायको, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी या पाच वर्षांचा विचार करावा. त्या काळात टिळकांकडे जाण्याची ओढ त्यांना होती, दुःख होते, त्या दुःखातून कविताही आल्या. पण देव बदलायला त्या तयार नव्हत्या. पुढे अहमदनगरला, मग राहुरीला त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तेव्हाही सोवळे-ओवळे सांभाळूनच.

बदल झाला तो राहुरीत, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘स्मृतिचित्रां’त त्या सांगतात त्याप्रमाणे आधी गळून पडली ती जात. माणसामाणसांतले हे उच्चनीच देवाने केले की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, आणि उत्तर मिळताच त्यांनी ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. टिळकांनी हा निर्णय त्यांच्यासाठी घेतला नाही. बाप्तिस्मा नंतर आला, १९०० साली. म्हणजे त्यांचा ख्रिस्ती धर्म तत्त्वचर्चेतून किंवा पतीच्या आग्रहातून सुरू झाला नाही. तो पाण्याच्या भांड्यापासून सुरू झाला. अहमदनगर-राहुरी भागातली ख्रिस्ती मंडळी बहुतांश महार आणि मांग समाजातून आलेली होती, दुष्काळांनी पोळलेली होती. अशा मंडळीत ब्राह्मण पाळकाने वेदीवरून समतेचे प्रवचन द्यायचे आणि घरातल्या बाईने तीच समता चुलीपाशी नाकारायची, असे झाले असते तर प्रवचनाला काय अर्थ उरला असता? त्या मंडळींतल्या माणसाला पाळक आपल्यांतला आहे की नाही, हे पाळकाच्या घरचे पाणी मिळाल्यावर कळत होते. लक्ष्मीबाईंच्या त्या निर्णयाशिवाय टिळकांची सेवा त्या माणसांपर्यंत अर्धीच पोचली असती.

पुढची वीस वर्षे या घराने काय काय पेलले त्याचा हिशेब मोठा आहे. टिळक देणारे होते. घरात काय आहे याचा विचार न करता देणारे. अनाथ मुले घरात आली आणि घरचीच झाली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली, तेव्हा सख्खे नातलगही रोग्याजवळ जायला धजत नव्हते. कवी यायचे, विद्यार्थी यायचे, पाहुणे यायचे आणि महिनेमहिने राहायचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी, काही काळ या घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना लेकरासारखे जेवू घातले. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला; म्हणजे पगारही गेला. संन्यस्त वृत्तीने जगणाऱ्या माणसाच्या घरी चूल रोज पेटते ती कुणीतरी पेटवते म्हणून, आणि इथे ते कोण करत होते हे सांगायला नको.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे सगळे गौरवून सांगणे म्हणजे बाईच्या बिनमोबदल्याच्या राबण्याला ‘सेवा’ असे गोंडस नाव देणे नव्हे का? टिळकांचा उदारपणा लक्ष्मीबाईंच्या जिवावर चालत होता. मग त्या उदारपणाचे श्रेय त्यांना देऊन आपण त्यांच्यावरच्या अन्यायावर पांघरूण घालतो की काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि मान्य करूनच माझे म्हणणे अधिक घट्ट होते. लक्ष्मीबाईंनी स्वतः काही झाकलेले नाही. टिळकांचा राग, त्यांचे न सांगता निघून जाणे, घरातले सामान देऊन टाकणे, पैशाची ओढाताण, आपले रडणे आणि आपले भांडणे, सगळे त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या हसण्याखाली ही नोंद चोख आहे. मिशनच्या अहवालात पाळकाचा दौरा येतो, प्रवचनांची संख्या येते, बाप्तिस्म्यांची संख्या येते; पाळकाच्या घरात किती पानांवर किती माणसे जेवली, ते येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा तो न लिहिला गेलेला अहवाल आहे. श्रम अन्यायाने लादले गेले म्हणून ते श्रम सेवा नव्हते, असे ठरत नाही. उलट सेवेचा इतिहास लिहिताना ते मोजले गेले नाहीत, हा अन्यायाचा दुसरा भाग ठरतो.

आता गाण्याकडे येतो. गेल्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेचा हा सर्वांत श्रीमंत भाग आहे, आणि बाहेरच्या मराठी वाचकाला तो सर्वांत कमी माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे झाले. त्यांच्याबरोबर त्यांची गीते आली, आणि त्या गीतांच्या चाली. मराठी शब्द त्या चालींत बसवले गेले तेव्हा भाषेचे ऱ्हस्व-दीर्घ आणि आघात मोडले. मंडळीला अर्थ कळे, पण ओठांना वळण पडत नसे. याविरुद्धचा पहिला प्रयत्न टिळकांचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, देशी चालींवर पदे रचली. टिळकांनी त्याच वाटेवर मोठी मजल मारली. अभंग, पद, भजन या घाटांत त्यांनी इतके लिहिले की ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. निकोल मॅकनिकोल यांनी त्यांच्या गीतांची इंग्रजी रूपे केली आणि त्यांतली काही इंग्रजी गीतसंग्रहांतही गेली. जॅक विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

हे सारे टिळकांचे, आणि ते त्यांच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. पण टिळक संस्कृतज्ञ होते, वृत्तांवर हुकमत असलेले कवी होते. अभंगाकडे ते विचाराने वळले. लक्ष्मीबाईंना वळावे लागले नाही. ज्या मुलीला शाळा मिळाली नाही तिच्या शिक्षणाची साधने त्या काळात ठरलेली होती: जात्यावरच्या ओव्या, सणावारांची गाणी, कहाण्या, देवळातले पुराण आणि कीर्तन. ऐकायचे आणि ध्यानात ठेवायचे. ‘स्मृतिचित्रां’चे गद्य वाचताना कुणी बोलत आहे असे वाटते, याचे कारण इथे आहे, ते गद्य कागदावर तयार झालेले नाही, ते कानाने घडवलेले आहे. ज्या कानाने ते गद्य घडवले तोच ‘ख्रिस्तायना’च्या ओवीमागे आहे. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, तीन चरणांना यमक, शेवटचा आखूड; मात्रांचा जाच नाही, गणांचा नाही. तिला लागतो तो श्वासाचा अंदाज. ज्ञानेश्वरांपासून ती कथनासाठी आणि निरूपणासाठी राबली, आणि जात्यावर बायकांनी तिला संसार सांगायला लावले. व्याकरण-छंदशास्त्र न शिकलेल्या बाईने ६४ अध्याय लिहिण्याचे धाडस केले ते या छंदाच्या बळावर. तो तिला वारशाने आला होता.

मराठीत ख्रिस्ताला ओवीत आणण्याचे काम त्यापूर्वी तीनशे वर्षांमागे झाले होते. जेज्वीट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओव्या जवळजवळ अकरा हजार, पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे ख्रिस्ताचे. हेतू उघड होता: नव्या ख्रिस्ती लोकांचे पुराणश्रवण सुटले होते, त्यांना ऐकायला काही हवे होते. देवळात ते वाचले गेले, गायले गेले. स्टीफन्स इंग्रज होते. त्यांनी ही भाषा प्रेमाने शिकून घेतली आणि तिच्यात थोर काव्य केले. लक्ष्मीबाईंचा ग्रंथ या रांगेत ठेवून पाहिला की त्याचे वेगळेपण दिसते. ज्या घराघरांतून पुराण ऐकले जात असे त्यांतल्याच एका घरातली बाई, ऐकणाऱ्यांच्या घोळक्यातून उठून, स्वतः पुराण सांगायला बसली. पुराण सांगणे हे पुरुषाचे, पोथी आणि पाट असलेल्याचे काम. तो अधिकार लक्ष्मीबाईंनी कुणाकडे मागितला नाही.

इथे दुसरा आक्षेप. ग्रंथ पूर्ण केला तो पतीच्या स्मृतीसाठी, पतीने आखलेल्या वाटेवर. मग स्वतंत्र काय? प्रेरणेत पतीचे प्रेम होते, हे खरेच. पण प्रेरणा आणि कर्तृत्व या दोन गोष्टी आहेत. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाईंना निवांत बसून काव्य करण्याची सोय नव्हती. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम केले, मुलगा देवदत्त (लहानपणचा दत्तू) याच्याबरोबर त्या काही काळ कराचीला राहिल्या, मग नाशिक. या धावपळीत चौसष्ट अध्याय लिहून होतात ते निव्वळ स्मृतीच्या उमाळ्यावर होत नाहीत. त्यासाठी ते चरित्र स्वतःचे वाटावे लागते. आणि टिळकांचे अनुकरण त्यांना करायचे असते तरी करता आले नसते. टिळकांची संस्कृत घडणीची भाषा त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी आपल्या भाषेत लिहिले, कारण दुसरी नव्हती. ज्या ख्रिस्तचरित्रात विहिरीवरची समरिया प्रांतातली बाई आहे, जिच्याकडे ख्रिस्त पाणी मागतो आणि ती चकित होते, ते चरित्र राहुरीत पाण्याचा निर्णय केलेल्या बाईला कुणी समजावून द्यायला हवे होते का? शिवताशिवत, उष्टे-खरकटे, विधवेचा पैसा, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई: शुभवर्तमानांतले हे सारे जग घरातल्या बाईच्या ओळखीचे आहे. पतीने वाट आखली असेल. त्या वाटेवरचे पाणवठे पत्नीला अधिक ठाऊक होते.

तिसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. ‘ख्रिस्तायन’ काव्य म्हणून सर्वत्र सारख्या उंचीचे नाही, ‘स्मृतिचित्रां’च्या तोडीचे तर नाहीच, मग त्याचा आग्रह कशाला? तुलना केली तर ‘स्मृतिचित्रे’ श्रेष्ठ ठरतात, हे मीही म्हणेन. पण ‘ख्रिस्तायना’ला लावलेली मोजपट्टी चुकीची आहे. पुराण एकट्याने मनात वाचायचे नसते. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, कथा पुढे सरकताना ओळखीच्या जागी सगळ्यांनी मान डोलवावी, यासाठी ते असते. तिथे प्रत्येक ओवी चमकण्याची गरज नसते. कथेचा ओघ तुटू नये आणि ऐकणाऱ्याच्या तोंडी ओळ राहावी, एवढे लागते. मूकवाचनाच्या सवयीने आपण महिपतींचे ‘भक्तविजय’ही असेच चुकीचे वाचू शकतो. शिवाय मराठी समीक्षेने लक्ष्मीबाईंना कवयित्री म्हणून फार तर ‘भरली घागर’मधल्या सुट्या कवितांपुरते पाहिले, मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते मात्र त्यांच्या समाजाने त्यांच्या लेखनाचा आणि सेवेचा एकत्रित मान ठेवून.

चौथा आक्षेप मंडळीच्या आतला. टाळ-मृदंग, अभंग, ओवी, पुराण हे सारे हिंदू उपासनेचे. त्यात ख्रिस्ताला बसवल्याने श्रद्धा भेसळीची होते, असे म्हणणारे टिळकांच्या काळीही होते आणि आजही आहेत. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याकडे पाहून याचे उत्तर देता येते. जे सोडायचे ते त्यांनी सोडले, आणि फार मोठी किंमत देऊन सोडले: जात, सोवळे, माहेरचा मान. त्या सोडण्यात भेसळ नव्हती. ओवी त्यांनी सोडली नाही, कारण ओवीत जात नव्हती; ती ब्राह्मणाच्या जात्यावर होती तशी महाराच्याही जात्यावर होती. इंग्रजी चालीवरचे गीत राहुरीच्या मंडळीतल्या निरक्षर बाईला शिकावे लागे. ओवी तिला येत होती. ब्राह्मण पाळकाची पत्नी आणि मांगवाड्यातली नवख्रिस्ती बाई या दोघींच्या तोंडी एकच छंद होता, हे त्या समाजात फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता आले असते. म्हणून मला लक्ष्मीबाईंचे गायन आणि त्यांचे घर या दोन वेगळ्या सेवा वाटत नाहीत. दोन्हींत बाई परक्या माणसाला शेजारी बसवते. घरात पानावर, ओवीत सुरावर.

‘स्मृतिचित्रां’ना लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सटीप आवृत्ती दिली, इंग्रजीत जोसेफीन इंक्स्टर यांच्यापासून शांता गोखले यांच्यापर्यंत अनुवाद झाले. ‘ख्रिस्तपुराणा’ला १९०७ मध्ये सालदान्हा यांनी नव्याने छापले, पुढे शांताराम बंडेलू, कारिदाद द्राग, नेल्सन फलकाव या संपादकांनी आपापल्या परीने ते देवनागरी वाचकांपुढे ठेवले. ‘ख्रिस्तायना’लाही तसा एक संपादक हवा आहे: टिळकांचे साडेदहा अध्याय आणि लक्ष्मीबाईंचे ६४ यांची भाषा शेजारी ठेवून तपासणारा, कुठे टिळकांचा संस्कृत शब्द थांबतो आणि कुठे जलालपूरच्या घरातला शब्द सुरू होतो ते दाखवणारा. त्याहून आधी तो ग्रंथ मोठ्याने वाचला गेला पाहिजे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोज दोन अध्याय धरले तर अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या), नाशिकच्या, पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळ्यांना तो सहज झेपेल. आणि मुखपृष्ठावर नावे छापताना लक्ष्मीबाईंचे नाव टिळकांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावे.